बीव्हर क्रीकची एक्स्टेरा: कळसूबाईहून सहाशे मीटर उंचावरच्या पाण्यात सुरू होणारी शर्यत

कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याच्या वर जायला जमीनच नाही. कोलोरॅडोतल्या एव्हन गावचा नॉटिंगहॅम तलाव साधारण २,२७० मीटरवर आहे, आणि बीव्हर क्रीकची एक्स्टेरा, म्हणजे डांबराऐवजी डोंगरवाटांवरची ट्रायथलॉन, या तलावाच्या पाण्यात सुरू होते. आपल्या सगळ्यात उंच माथ्याच्याही सहाशे मीटर वर तुम्ही पोहायला उतरता. तिथून सायकल २,८०० मीटरच्या पुढे चढवायची, आणि नंतर त्याच डोंगरउतारांवर पळायचं.

पोहणं १.५ किमी, माउंटन बाइक २५ किमीच्या आसपास, डोंगरवाटेवरचं पळणं साधारण १० किमी. पोहणं-पळणं ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनइतकंच, सायकल तर त्याहून कमी, आणि तिथेच फसगत होते. डांबरी रस्त्यावर ऑलिंपिक अंतर अडीच-पावणेतीन तासांत आटपणाऱ्या माणसाने इथे साडेतीन ते साडेचार तास धरून चालावं. सायकलवरची एकूण चढाई हजार मीटरच्या आसपास जाते. मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो, तेव्हा नोंदणीआधी त्या वर्षीचा नकाशा आणि तारीख पाहून घ्या.

आमचं मत आधीच सांगतो. डोंगरी ट्रायथलॉनमध्ये सायकलीचा भाग इतका मनापासून आखलेली शर्यत क्वचितच मिळते. पुण्या-नाशिकच्या घाटांत वाढलेल्या सायकलस्वाराने आयुष्यात एकदा तरी ती करावी. मात्र पहिल्या अर्ध्या तासात ज्याला हात राखता येत नाही, त्याच्यासाठी ही शर्यत नाही. समुद्रसपाटीला सुरुवातीची घाई पुढे भरून काढता येते. इथे ती भरून निघत नाही, कारण ज्यातून भरून काढायची ती हवाच कमी आहे.

हवा किती कमी

मुंबईत हवेचा दाब १०० धरला तर पुण्यात तो ९३-९४, महाबळेश्वरला ८५, नॉटिंगहॅम तलावावर ७६ आणि सायकलच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर ७०-७१ असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, २१ टक्के. पण दाब उतरला की फुप्फुसातून रक्तात तो ढकलणारा जोरही उतरतो. या उंचीवर सराव असलेल्या माणसाचीही कमाल क्षमता साधारण १० ते १५ टक्क्यांनी घटते. पुण्यात पेडलवर तासभर २३० वॉटचा जोर धरणाऱ्याने इथे २०० धरून हिशेब करावा. घड्याळातले हृदयगतीचे टप्पे जसेच्या तसे वापरू नका. तेवढ्याच श्रमाला इथे ठोके जास्त पडतात आणि वरची मर्यादा मात्र किंचित खाली येते. पॉवर मीटर असेल तर आकडा कमी करून पाळा. नसेल तर एकच खूण पुरे: चढावर एक सलग वाक्य बोलता आलं पाहिजे.

कधी पोचावं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. उत्तम म्हणजे दोन ते तीन आठवडे आधी. ते बहुतेकांना परवडत नाही. दुसरा मार्ग म्हणजे शर्यतीच्या आदल्या दिवशी वर जायचं. सगळ्यात वाईट दिवस दुसरा ते पाचवा. झोप मोडते, भूक मरते, रक्तातलं पाणी कमी होतं, आणि शरीराने जुळवून घ्यायला नुकतीच सुरुवात केलेली असते. शर्यतीच्या तीन दिवस आधी डोंगरात जाऊन ‘सवय करून घेणं’ हा नेमका चुकीचा मधला मार्ग आहे, आणि रजेच्या हिशेबात बहुतेकांच्या नशिबी तोच येतो. वेळ तेवढाच असेल तर आधीच्या रात्री डेन्व्हरला काढा. ते १,६०० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या उंचीला.

डेन्व्हरहून गाडीने येताना आणखी एक गोष्ट घडते. महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, तो जवळजवळ ३,४०० मीटरवर. पुढे व्हेल पासची ३,२५० मीटरची खिंड लागते. लांबच्या विमानप्रवासाने सुकलेलं शरीर घेऊन कोणी थेट या रस्त्याने आलं, की संध्याकाळी डोकं ठणकतं. मग वाटतं बीव्हर क्रीकची उंची लागली, आणि लागलेला असतो वाटेतला बोगदा. रस्त्यात तासाला अर्धा लिटर पाणी प्या आणि खिंडीत फोटोसाठी अर्धा तास रेंगाळू नका.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण मराठी ट्रेकर मंडळींत ती सर्रास चालते. हिमालयात जाताना डायमॉक्सची गोळी खिशात असते. तिच्यातलं अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे, लघवी वाढवणाऱ्या औषधांच्या गटात, आणि बंदी फक्त शर्यतीपुरती नसून कायमची आहे. नियमांखाली होणाऱ्या स्पर्धेत हौशी स्पर्धकही यातून सुटत नाही. डॉक्टरांनी खरोखरच दिलं असेल तर रीतसर परवानगी आधी घ्यावी लागते. शेजाऱ्याने ट्रेकहून उरलेली पट्टी दिली म्हणून घेऊ नका.

त्याऐवजी दोन महिने आधी फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करा. शरीरात लोह कमी असेल तर उंचीवर कितीही दिवस राहा, नव्या लाल पेशी बनायला मालच नाही. आपल्याकडच्या शाकाहारी खेळाडूंत, विशेषतः बायकांमध्ये, हा आकडा बऱ्याचदा खाली सापडतो. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय लोह शोषू देत नाही. तो चहा तासभर पुढे ढकला. गोळ्या मात्र तपासणीशिवाय आणि डॉक्टरांशिवाय सुरू करू नका.

पोहणं: सोपा तलाव, अवघड दहा मिनिटं

नॉटिंगहॅम तलाव छोटा आणि शांत. काठाची फेरी १.२ किमीच्या आसपास, त्यामुळे १.५ किमी एका वळशात बसतच नाही. लाटा नाहीत, ओढ नाही, वाट चुकायची भीती नाही. तरीही या शर्यतीतली सगळ्यात जास्त घाबरगुंडी इथेच उडते. तीन गोष्टी एकदम होतात. जुलैतली डोंगरातली सकाळ ७-८ अंशांची असते आणि पाणीही थंड. चेहरा पाण्यात गेला की आपोआप श्वास आत ओढला जातो. वेटसूट छातीला आवळलेला असतो. आणि हवा विरळ. पहिली ५० मीटर नेहमीच्या जोशात मारली की कर्बवायू साचतो, आणि चौथ्या-पाचव्या श्वासाला माणूस डोकं वर काढून उभाच पोहायला लागतो.

यावर उपाय साधे आहेत आणि ते आधीच करायचे असतात. सुरू होण्याआधी आठ-दहा मिनिटं पाण्यात उतरा, तोंड बुडवून हळूहळू फुगे सोडा, मग चार वेळा वीस-वीस हात जरा जोरात मारा. श्वासाचा पहिला धक्का तिथे खर्च होऊ द्या. पाण्यात उतरू देत नसतील तर काठावर रबरी दोरी ओढण्याचा व्यायाम करा आणि वेटसूटच्या गळ्यातून थोडं पाणी आत घ्या. तीन हातांमागे एक श्वास घेण्याची शिस्त इथे सोडून द्या. पहिल्या हातापासून दर दोन हातांना श्वास. वळण घेताना गर्दी होतेच, आतल्या बाजूचा मोह टाळून दोन मीटर बाहेरून जा. पाच-सात सेकंद जातील, दम वाचेल.

वेटसूटबद्दल: अमेरिकन ट्रायथलॉन संघटनेच्या नियमाने हौशी गटाला साडेपंचवीस अंशांपर्यंतच्या पाण्यात तो चालतो, आणि इथलं पाणी त्याच्या बरंच खाली असतं. भाड्याने घेणार असाल तर छातीपेक्षा खांदे तपासा. घालून दोन्ही हात कानाला लावा. काखेत कापड ताणलं तर सूट वर ओढून घ्या, मांडीपासून चिमटीने सरकवत सरकवत. तरीही ताणलं तर एक माप मोठा घ्या. समुद्रसपाटीला जरा घट्ट सूट वेगवान असतो, इथे तो छातीवरचा दगड होतो. मानेला आणि घोट्यांना वंगण लावा. पेट्रोलियम जेलीने रबर खराब होतं, पाण्यात विरघळणारं वंगण घ्या.

पाण्यातून बाहेर पडल्यावर उभं राहताना चक्कर येऊ शकते. शेवटची ५० मीटर पाय जरा जोरात मारले की रक्त पायांत येतं आणि उठणं सोपं जातं. टी-वनपर्यंत, म्हणजे पोहणं संपवून सायकल घ्यायच्या जागेपर्यंत, चालत गेलात तरी काही बिघडत नाही.

सायकल: शर्यतीचा जीव

तलावावरून निघाल्यावर उसंत मिळत नाही. बीव्हर क्रीक हे स्कीइंगचं गाव आहे. १९९९ आणि २०१५ मध्ये जागतिक अल्पाइन स्की स्पर्धा या खोऱ्यात झाल्या, डिसेंबरात इथे पुरुषांची उतारशर्यत होते. ज्या उतारांवरून जगातले सगळ्यात वेगवान स्कीपटू खाली येतात, त्याच डोंगरावर तुम्ही उलट चढता. काही भाग गाड्यांसाठी केलेल्या मुरमाच्या रस्त्यांचा: उघडा, उन्हातला, लांबलचक. काही भाग अ‍ॅस्पेनच्या झाडीतल्या पायवाटेचा. पांढऱ्या बुंध्यांमधून हँडल जेमतेम निघतं आणि मुळं वाटेवर आडवी पसरलेली असतात. आखणी करणाऱ्यांचं मोठं काम असं, की चढाईचं फळ उतारावर मिळतं. धडधडत सरळ खाली येणारा रस्ता देऊन चढ वाया घालवलेला नाही.

गिअरचा हिशेब आधी कागदावर करा. स्वार ६८ किलो, सायकल-बाटल्यांसह १२, एकूण ८० किलो धरू. २९ इंची चाक. पुढे ३४ दात, मागे मोठं ४२, असा जुना संच असेल तर मिनिटाला ७० पेडल-फेऱ्यांच्या लयीत ताशी ७.८ किमी वेग होतो आणि १० टक्के चढावर मुरमाचा विरोध धरून त्याला दोनशेच्या वर वॉट लागतात. वर सांगितलेल्या २३० वॉटवाल्याची इथली पूर्ण क्षमता तेवढीच! पुढे ३२ आणि मागे ५० घेतले तर त्याच लयीत ६.२ किमी आणि १६० वॉट. हे जमतं. पण १५ टक्क्यांचा तुकडा आला की हेच १६० चे २३० होतात. पुढे ३०, मागे ५२ घेऊन लय ६० वर आणली तर तो तुकडा १७५ वॉटमध्ये निघतो. उतारावर ३० दात कमी पडतात अशी तक्रार होते. इथल्या उतारांवर पेडल मारायला फारशी जागाच नाही, ब्रेक सोडायला धीर लागतो. तेव्हा ३० बिनधास्त लावा. चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) बदलताना साखळीची लांबीही तपासा, आणि ते चार बोल्टचं आहे की थेट क्रँकवर बसणारी, हे मागवण्याआधी पाहा.

सायकल कोणती? पुढे-मागे दोन्हीकडे १०० ते १२० मिमी दबणारं सस्पेन्शन असलेली असेल तर उत्तम. हार्डटेलने (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलने) शर्यत होते, पण मुळांवर मागचं चाक उडत राहतं, ते जमिनीला धरून ठेवायला कंबर लागते, आणि तीच कंबर पुढे पळताना हवी असते.

आता टायर. जुलैत आपल्याकडे पावसाळा ऐन भरात असतो, सराव चिखलात होतो. तिथे त्याच महिन्यात कोरडा फुपाटा: घट्ट जमिनीवर पिठासारखी धूळ आणि तिच्यावर गोट्यांसारखे सैल खडे. चिखलाचे उंच, विरळ दातांचे टायर इथे वळणावर लचकतात. पुढे २.३५ ते २.४ इंची, कडेचे दात ठसठशीत असलेला, आणि मागे २.२५ च्या आसपास, मधले दात बुटके आणि दाटीचे. पुढचा टायर मागच्यापेक्षा जास्त पकडीचा असावा. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं, पुढचं सरकलं की माणूस जमिनीवर.

हवेच्या दाबात तीन सापळे आहेत. पहिला, उंची. टायरमधली हवा तीच राहते, बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे पंपाचा काटा वर चढतो. डेन्व्हरला भरलेला टायर एव्हनला एक पीएसआय जास्त दाखवतो, समुद्रकाठी भरलेला साडेतीन. दुसरा, तापमान. पहाटे ७ अंशांत २० पीएसआय भरलं की उन्हात २५ अंशांना ते २२ होतं. तिसरा, शर्यतीतलीच चढाई. माथ्यावर आणखी पाऊण पीएसआय वाढतो. म्हणजे पहाटे बरोबर वाटलेला दाब सगळ्यात अवघड उतार सुरू होताना जवळजवळ ३ पीएसआय जास्त असतो, आणि नेमका तिथे टायर खड्यांवरून टणाटण उडतो. ६८-७० किलोच्या माणसाने ट्यूबलेसला पहाटे पुढे १८ आणि मागे २० च्या आसपास ठेवावं. घरचा काटा सोबत न्या. दोन पंपांचे काटे एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

सीलंट, म्हणजे टायरमधलं छिद्र बुजवणारं द्रव, कोरड्या हवेत लवकर आटतं. घरून निघण्याआधी जुनं काढून प्रत्येक टायरमध्ये ९० मिली नवं घाला. व्हॉल्व्हचा गाभा काढून आतलं साका झालेलं रबर खरवडा. हवा नीट जात नाही याचं कारण दहापैकी आठ वेळा तेच असतं. गॅसची छोटी काडतुसं विमानात नेऊ नका, तिथेच विकत घ्या. २९ इंची रुंद टायरला १६ ग्रॅमचं अपुरं पडतं, २५ ग्रॅमचं घ्या. पंक्चर झाल्यावर आधी चाक फिरवून छिद्र खाली आणा, सीलंट तिथे साचू द्या, मग गॅस सोडा. आधी गॅस सोडला तर तो छिद्रातूनच निघून जातो, आणि थंड गॅसने काही सीलंट गोठून गोळे होतात.

एक गोष्ट फार कमी लोक करतात. सस्पेन्शन फोर्कच्या खालच्या नळ्यांमध्ये, तेलाच्या वर, थोडी हवा अडकलेली असते. ती हवा सर्व्हिसिंगच्या वेळच्या उंचीची. पुण्यात सर्व्हिस केलेला फोर्क २,८०० मीटरवर नेला की आत बाहेरच्यापेक्षा साधारण साडेतीन पीएसआय दाब उरतो. फोर्क दबतो तशी ही हवा अजून आवळली जाते आणि शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर खाली जातच नाहीत. माणूस मग वरच्या पंपाने मुख्य हवा कमी करतो, आणि फोर्क सुरुवातीला बसका नि शेवटी ताठ असा विचित्र होतो. खरा उपाय: एव्हनला पोचल्यावर फोर्क स्वच्छ पुसा. प्लास्टिकच्या बारीक केबल टायचं टोक गोल घासून घ्या. धुळीच्या सीलच्या कडेने ते अलगद आत सरकवा. फुस्स असा आवाज येतो. दुसऱ्या नळीवरही तेच. टाय काढून थोडं तेल दिसलं तर पुसून टाका. स्क्रू ड्रायव्हर किंवा टोकदार काहीही वापरू नका, सील फाटलं की शर्यतीच्या आदल्या दिवशी दुकानं शोधत फिरावं लागतं. ज्या फोर्कला यासाठी मागे बटणं आहेत त्यांची नुसती बटणं दाबायची.

हायड्रॉलिक ब्रेकच्या तेलात बुडबुडा असेल तर उंचीवर तो फुगतो आणि लिव्हर मऊ लागतं. घरी लिव्हर ओढून रबरबँडने रात्रभर बांधून ठेवा. सकाळी घट्ट झालं पण दिवसभरात पुन्हा मऊ झालं, तर आत हवा आहे, ती काढून (ब्लीड करून) घ्या. प्रवासात चाक काढलं की ब्रेकपॅडमध्ये प्लास्टिकची चकती सरकवायला विसरू नका.

चढावर वागायचं कसं? पहिला पाऊण तास लोक तुम्हाला मागे टाकतील. टाकू द्या. १५ टक्क्यांच्या वरच्या तुकड्यात मागचं चाक फिरायला लागलं तर उतरून चाला. तिथे चालणारा आणि धापा टाकत पेडल मारणारा यांच्यात अंतर पडत नाही, फक्त चालणाऱ्याचा दम शाबूत राहतो. माथा आल्यावर लगेच उतारात झोकून देऊ नका. अर्धा मिनिट हलकं पेडल मारा, दोन घोट घ्या, हाताची बोटं उघडा-मिटा. धाप लागलेल्या डोक्याने घेतलेलं पहिलं वळण हेच पडण्याचं नेहमीचं ठिकाण. मेंदूला ऑक्सिजन कमी असताना नजर जवळच्या दगडावर खिळते, आणि सायकल नजरेमागे जाते.

दोन ट्रान्झिशन, दोन गावं

शर्यतीची आमच्या लेखी सगळ्यात मोठी गैरसोय ही. टी-वन एव्हनच्या तलावाकाठी, टी-टू (सायकल ठेवून पळायला निघायची जागा) आणि शेवट वर बीव्हर क्रीकच्या चौकात, सुमारे दोनशे मीटर उंचावर. सोबत कोणी असेल तर प्रश्न नाही. एकट्याने आलेल्याला पळण्याचे बूट आधी वर ठेवायचे, मग खाली यायचं, आणि शर्यत संपल्यावर वेटसूट-पंप कुठे आहेत हे शोधायचं, असा तिहेरी व्याप होतो. टी-टूची पिशवी आदल्या दिवशीच बांधा: बूट, टोपी, नंबराचा पट्टा, एक जेल, सुके मोजे. बुटात काहीही खाद्य ठेवून रात्रभर उघड्यावर सोडू नका. या खोऱ्यात काळी अस्वलं आहेत आणि त्यांना वास लांबून लागतो. गाडीतही खाण्याच्या वस्तू ठेवायच्या नाहीत.

दुसरी तक्रार खर्चाची. बीव्हर क्रीक श्रीमंतांचं सुट्टीचं गाव आहे, राहणं महाग. खाली एव्हनला किंवा खोऱ्यात आणखी खाली ईगलकडे जागा बघा. उंचीही थोडी कमी मिळते आणि झोप बरी लागते. स्वयंपाकघर असलेली जागा मिळाली तर आपल्या पोटासाठी सोन्याहून पिवळं, पण बीव्हर क्रीकच्या उंचीवर पाणी ९२ अंशांनाच उकळतं हे लक्षात ठेवा. उघड्या भांड्यात डाळ तासभर शिजत ठेवली तरी दाणा दाताखाली येतो, आणि शर्यतीच्या आदल्या रात्री अर्धकच्ची डाळ म्हणजे दुसऱ्या दिवशी सायकलवर पोटात गोळा. छोटा प्रेशर कुकर बॅगेत टाका. भाताला पाणी थोडं जास्त लागतं. सकाळसाठी पोह्यांना मात्र तोडच नाही. भिजवायचे आणि परतायचे, उकळण्याचा संबंधच नाही, पोटाला हलके आणि पिष्टमय. शेंगदाणे आणि मिरची त्या दिवशी वगळा. पोहे डेन्व्हरच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात मिळतात.

सायकलवर तासाला ६० ते ७० ग्रॅम कर्बोदकं आणि ५०० ते ७०० मिली पाणी. उंचीवर शरीर साखर जास्त जाळतं, पण जोर लावला की पोटाचं रक्त पायांकडे जातं आणि पचन मंदावतं. म्हणून घट्ट जेल एकदम न घेता बाटलीतल्या द्रावणात सगळं विभागून घ्या, दर दहा मिनिटांना एक घोट. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, अंगावरच सुकतो, म्हणून तहान लागायची वाट पाहू नका. ऊन हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी जास्त जाळतं. मान आणि कानांच्या पाळ्या विसरल्या जातात.

पळणं थोडक्यात. सायकलवर तुम्ही काय केलंत ते इथे उघडं पडतं. वाट स्कीच्या उतारांवरून आणि झाडीतून वर-खाली जाते, चढ इतके उभे की पुढच्या फळीतले सोडले तर सगळे चालतात. हात गुडघ्यांवर टेकवून, छोटी पावलं टाकत चाला. आपण सिंहगडाच्या पायवाटेने चढतो तसं. धावायचं ते उतारावर आणि सपाटीला. सायकलवर अख्खा वेळ बोटांवर जोर पडलेला असतो, त्यामुळे पोटऱ्या पहिल्या चढाला आवळतात. टी-टूमध्ये बुटाची नाडी जरा सैल बांधा. कडेला दात असलेले डोंगरी बूट घ्या, रस्त्यावरचे गुळगुळीत बूट फुपाट्यात घसरतात.

या खोऱ्यात राहून सराव करणाऱ्यांना इथे फायदा होतो. २०१५ साली माउईतली एक्स्टेराची जागतिक स्पर्धा जिंकणारा जोसाया मिडॉ इथलाच. १९९६ मध्ये माउईच्या किनाऱ्यावर सुरू झालेला हा खेळ उंचीवर आला की किती वेगळा होतो, हे इथे कळतं.

महाराष्ट्रात राहून उंचीची तयारी होत नाही. महाबळेश्वरला महिनाभर राहूनही तलावाच्या उंचीपासून ९०० मीटर खालीच असाल. मनालीची उंची २,०५० मीटरच्या आसपास, ती खरी जवळची जागा, पण जुलैच्या तोंडावर तिथे दरडींचा आणि पावसाचा धोका धरून चालावं लागतं. घरी राहून करता येतं ते असं: सिंहगडाच्या डांबरी घाटात आठवड्यातून एकदा माउंटन बाइकने तीन फेऱ्या, ६० च्या लयीत, बसून. शेवटच्या फेरीनंतर लगेच वीस मिनिटं चढावर चालत-पळत. पोहण्याच्या तलावात १०० मीटरच्या दहा फेऱ्या, पैकी प्रत्येकीतली पहिली २५ मीटर जोरात आणि उरलेली ७५ श्वास सावरत. जोरानंतर न थांबता लय परत मिळवणं, नॉटिंगहॅम तलावात पहिल्या दहा मिनिटांत नेमकं हेच लागतं.

कोणी जाऊ नये? ज्याने माउंटन बाइकवर अजून पायवाटेची उतरण केलेली नाही त्याने. डांबरी आयर्नमॅनची पदकं इथे कामाला येत नाहीत. आधी सह्याद्रीत एक हंगाम पायवाटांवर घालवा. ज्यांना हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तक्षयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावं, नुसतं ‘ट्रायथलॉन करू का’ असं विचारू नये. शर्यतीत डोकेदुखीसोबत मळमळ आणि पावलं अडखळणं सुरू झालं, तर पळणं सोडून खाली उतरायचं. टी-टूहून एव्हन जवळ आहे, आणि दोनशे मीटर उतरल्यानेही बरं वाटायला सुरुवात होते.